बिनअस्तराचा हिमरू बुशशर्ट

औरंगाबादला जाऊन वेरूळ न पाहता, अजिंठा न पाहता, आणि मकबऱ्याकडे टांग्यातून नुसतं डोकावून परत आलेलं माणूस तुम्हांला पाहायचं असेल, तर रत्नागिरीत माझ्या घरी या. मी चहा देईन. वर फणसाची सांदणंही देईन. फक्त "मग पाहिलंत काय?" असं विचारू नका, कारण ते सांगायला लागले की चहा दोनदा करावा लागतो.

गेलो होतो दोघं. मी आणि माझा थोरला भाऊ. दादाचं बाजारपेठेत घड्याळदुरुस्तीचं दुकान आहे. डोळ्याला भिंग लावून दिवसभर लोकांच्या घड्याळांशी तो जेवढं बोलतो, तेवढं माणसांशी वर्षातून बोलत नाही. वहिनी गेल्याला सहा वर्षं झाली होती. ती असताना निदान "मीठ कमी आहे" एवढं तरी बोलायचा. ती गेल्यावर स्वतःच रांधू लागला, तेव्हा तेही बंद झालं. दादा पन्नाशीचा. मी त्याच्याहून चार वर्षांनी लहान, पण आवाजानं मोठी. आमच्या महिला मंडळाची नाटकं मी बसवते. ज्यांना तोंडातून शब्द फुटत नाही अशा बायकांना मी राजाचे पार्ट करायला लावलेत. म्हटलं, सख्ख्या भावाला एक प्रवेश शिकवणं काय जड आहे?

प्रवेश असा : औरंगाबादला एक विमलबाई नावाच्या शिक्षिका. वय चाळिशीच्या पुढं. लग्न एकदा ठरलेलं, पण रझाकारांच्या धामधुमीत नवऱ्यामुलाकडची माणसं मुलूख सोडून गेली, ती परत आलीच नाहीत. मग वडील गेले, घर ओढता ओढता बाईंचं राहून गेलं. थोरले भाऊ नाना, तहसील कचेरीतून निवृत्त झालेले. एका ओळखीच्या बाईंनी दोन्हीकडं शब्द टाकला. मी महिनाभर दादाच्या कानाशी बसले. शेवटी घड्याळाचं झाकण लावता लावता तो म्हणाला, "एकदाच येईन. त्यानंतर हा विषय काढायचा नाही. कधीच."

दादा बोलत नाही, पण बोललेलं मोडतही नाही. म्हणजे खेळ एकच. दुसरा प्रयोग नाही. लोकांना आम्ही सांगितलं, वेरूळ पाहायला चाललोय.

शहागंज

मे महिना. आमच्याकडचा उन्हाळा घामाचा. माणूस सकाळपासून शिजत असतो. इथला उन्हाळा भाजतो. शहागंजात आम्ही एका लॉजमध्ये उतरलो. दादानं पंचा धुऊन गच्चीत वाळत घातला आणि मागे वळून पाहतो तो पंचा पापडासारखा कडक! त्याला हे इतकं आवडलं की त्यानं तो पुन्हा भिजवून पुन्हा वाळत घातला. सहा वर्षांत मी त्याला पहिल्यांदा मजा करताना पाहिलं. शकुन चांगला होता.

अपशकुन ट्रंकेत होता. दादानं "त्या दिवशी" घालायला म्हणून जो शर्ट आणला होता, त्याच्या पाठीवर इस्त्रीचा हुबेहूब शिक्का. त्रिकोणी, तपकिरी.

"कोट घालीन वरून," दादा म्हणाला.

"ह्या उन्हात? विमलबाईंना नवरा दाखवायचाय, हुरडा नव्हे."

म्हणून नवा शर्ट घ्यायला बाहेर पडलो, आणि शहागंजामागच्या एका गल्लीत मी ते कापड पाहिलं.

हिमरू तुम्ही पाहिलं नसेल तर कसं सांगू? सूत आणि रेशीम एकत्र विणलेलं. बदामी रंगाची जमीन, त्यावर अंजिरी रंगाची डाळिंबं, वेलीला वेल लागलेली. दुकान पुढं, माग मागं. जमिनीत खड्डा, खड्ड्यात पाय सोडून विणकर बसलेला, आणि डोक्यावर दोऱ्यांचं असं जाळं की वाटावं माणूस कोळ्याच्या घरात पाहुणा आलाय. दुकानाचे मालक बशीरभाई मेंदी लावलेल्या दाढीचे. त्यांनी कापडाचं टोक हवेत उडवलं आणि ते खाली येईपर्यंत माझं मन ठरलं होतं.

"इसका शर्ट होगा?" मी विचारलं.

बशीरभाईंचा हात हवेतच राहिला. "शर्ट? आपा, इसकी शेरवानी बनती. इसकी शाल बनती. दूल्हे की टोपी बनती. शर्ट तो मेरे बाप ने नहीं सुना, दादा ने नहीं सुना." मग त्यांचे डोळे माझ्यासारखेच चमकले. "पर कायकू नहीं बनेगा? बनेगा! किस के वास्ते?"

मी दादाकडं बोट दाखवलं. बशीरभाईंनी त्याला आपादमस्तक पाहिलं आणि कापड त्याच्या खांद्यावर टाकलं. दोन पावलं मागं सरून म्हणाले, "माशाल्ला."

"इंदू," दादा हळूच म्हणाला, "मी पडदा नेसून जाणार नाही."

पण मी कापड उलटून पाहत होते. पुढं जेवढी टापटीप, तेवढा मागं गोंधळ. एका डाळिंबापासून दुसऱ्या डाळिंबापर्यंत मोकळे धागे लोंबत गेलेले, जसं माजघरात पाहुणे आल्यावर सगळा पसारा कोठीत ढकलावा. "हे काय?"

"वो अंदर की बात है, आपा," बशीरभाई म्हणाले. "अंदर की बात कौन देखता?"

वाक्य असं झकास होतं की मी कापड घेऊनच बाहेर पडले.

रंगार गल्ली

शिंपी मिळाला तो रंगार गल्लीच्या तोंडाशी. गल्लीत रंगाऱ्यांनी आडव्या बांबूंवर सुताच्या लडी वाळत टाकलेल्या, डाळिंबाच्या सालीनं पिवळ्या झालेल्या, मंजिष्ठेनं लाल झालेल्या, आणि त्यांच्याखालून जाताना माणसांच्या डोक्यावर ठिबकणारी नीळ. माझ्या पांढऱ्या पदरावर एक निळा थेंब पडला. तो अजून आहे. मी तो वेरूळची आठवण म्हणून दाखवते.

शिंप्याचं नाव दत्तोबा. एवढ्या उन्हात गळ्यापर्यंत गुंड्या लावलेला सदरा आणि डोक्यावर टोपी. त्यानं कापड उलटंपालटं केलं. "अक्का, हे तर शेरवानीचं हाय. अस्तर कोणतं लावायचं?"

"अस्तर? उन्हाळ्याचा बुशशर्ट आहे. अस्तर लावलं तर माणूस आत वाफवून निघेल."

"बिगर अस्तराचं हिमरू?" दत्तोबा मशिनीवरून उठलाच. "लई वंगाळ दिसंल... न्हाई, दिसंल झ्याक. पण आतनं धागं लटकत्यात. अंगठी अडकंल, बोट अडकंल."

"मग?"

"मग आत बंडी घालायची. बंडीबिगर अंगाला लावायचा नाय. कबूल?"

"कबूल," मी दादाच्या वतीनं म्हटलं. दत्तोबालाही तोवर चेव चढला होता. त्यानं खिशावरचं डाळिंब असं जुळवलं की खिसा कुठं सुरू होतो ते हुडकावं लागे.

शर्ट होईपर्यंत मी लॉजमध्ये तालमी घेतल्या. दादाला तीन वाक्यं दिली. पहिलं, "आपलं शहर फार छान आहे." दुसरं, "आपल्याला वाचनाची आवड आहे का?" तिसरं आणीबाणीचं, "सरबत फार छान झालंय." दादा ती तिन्ही वाक्यं बातम्या वाचावीत तशी म्हणायचा. मी विमलबाई होऊन लाजून दाखवलं, तर म्हणाला, "तू लाजू नकोस, मला भीती वाटते."

खाण्याची मात्र चंगळ. शहागंजात हळदीच्या रंगाचे, लखलखीत नान मिळतात, बशीएवढे. त्यांच्याबरोबर मटणाचा जो खलिया खातात तो आम्हां शाकाहाऱ्यांना वर्ज्य. मी नान घेऊन खलियाच्या पातेल्याच्या वाऱ्याला उभी राहिले आणि कोरडा नान खाल्ला. धर्म राहिला, चवही राहिली.

औरंगपुरा

आता एक आमच्याकडची रीत सांगायला हवी, त्याशिवाय पुढचं कळायचं नाही. कोकणात मे महिन्यात पुरुषमाणूस घरात कमरेच्या वर काही घालत नाही. जानवं आणि पंचा, हा पोशाख. शेजारी येवो, पोस्टमन येवो, व्याही येवोत. शर्ट ही बाहेर जाताना नाइलाजानं अडकवायची वस्तू, आणि शर्टाच्या आत आणखी एक शर्ट घालणारा माणूस आमच्याकडं आजारी समजतात. आणि दुसरी गोष्ट, दादाच्या जानव्याला एक किल्ली बांधलेली असते. पुष्कळांच्या असते, पेटीची, तिजोरीची. दादाची कशाची ते मी कधी विचारलं नव्हतं. दुकानाचीच असणार, असं धरून चालले होते.

तर त्या सकाळी दादानं शर्ट चढवला, आणि खोटं कशाला सांगू, मला माझा भाऊ दिसला. तिशीतला. खांदे मागं गेले. बदामी रंगानं त्याचा गोरा चेहरा उजळला. टांगेवालासुद्धा म्हणाला, "क्या बात है साब!" मी टांग्यात फुशारून बसले. बंडी लॉजच्या खुंटीवर लटकत राहिलीय, हे मला ठाऊक नव्हतं.

निजामाचं राज्य संपवणाऱ्या पोलीस ॲक्शनला वीसएक वर्षं झाली असतील, पण नानांच्या घरात सगळ्या गोष्टी अजून तिच्या अलीकडच्या किंवा पलीकडच्या होत्या. "हे झुंबर ॲक्शनच्या आधीचं. हा पंखा नंतरचा." नाना उर्दूत शिकलेले, कचेरीत जन्म उर्दूत लिहिण्यात गेलेला, मराठी बोलतानाही वाक्य अत्तर लावून बाहेर यायचं. घरात टोपी, गळ्यापर्यंत गुंड्या.

"तशरीफ ठेवा, श्रीधरपंत. तकल्लुफ करू नका, आपलंच घर आहे. शर्ट... बहोत खूब!"

दादानं पहिलं वाक्य काढलं. "आपलं शहर फार छान आहे." मी मनात टाळी दिली.

"काय काय पाहिलंत?"

ह्याची तालीम झाली नव्हती. दादानं माझ्याकडं पाहिलं. मी म्हटलं, "सगळं पाहायचंच आहे."

"आधी सुशीला घ्या," नाना म्हणाले. "गरम आहे तोवर."

दादाचा चेहरा पांढरा पडला. बाईंचं नाव विमल सांगितलं होतं! मग समोर बशी आली : भिजवलेल्या चुरमुऱ्यांना कांदा, मिरची, हळदीची फोडणी. ह्याला इकडं सुशीला म्हणतात. दादानं असा सुस्कारा टाकला की दोन चुरमुरे उडाले. एक गालिच्यावर पडला. दादा टापटिपीचा माणूस. तो चुरमुरा उचलायला तो उभा राहून वाकला.

आणि वाकलेलाच राहिला.

नानांना वाटलं, पाहुणे आदाब करताहेत. जुन्या रीतीचा माणूस! ते कळवळून उठले, त्यांनीही कमरेत वाकून हात कपाळाशी नेला. "अहो, लाजवू नका, लाजवू नका." दादानं सरळ व्हायचा प्रयत्न केला. आतून 'चर्र' असा बारीक आवाज आला. दादा दचकून पुन्हा वाकला, आधीपेक्षा खोल. नानांना हे भारीच वाटलं. ते आणखी वाकले. मग दादा थोडा उठे, चर्र होई, पुन्हा वाके; की नाना वाकत. मी नाटकं बसवते, पण असा प्रवेश मला सात जन्मांत सुचला नसता. दोन प्रौढ गृहस्थ चुरमुऱ्याच्या दोन बाजूंना उभे राहून एकमेकांना वंदन करताहेत आणि कुणी थांबायला तयार नाही.

"इंदू," दादा जमिनीकडं पाहत पुटपुटला, "किल्ली."

तेव्हा कळलं. बंडी नाही. आत मोकळे धागे, आणि जानव्याला किल्ली. वाकताना किल्ली पुढं आली आणि तिचे दात डाळिंबांच्या आतल्या धाग्यांत रुतले. आता सरळ व्हावं तर जानवं ताणतं आणि फुलं उसवतात.

हसू दाबताना माझ्या डोळ्यांना पाणी आलं. पण मग दादाचा शब्द आठवला. एकच खेळ. त्यानंतर विषय काढायचा नाही.

एवढ्यात पन्ह्याचा ट्रे घेऊन विमलबाई आल्या. उंच, सावळ्या, कानांवर थोडे पांढरे केस, आणि चाळीस मुलांचा वर्ग एका नजरेत गप्प करणारे डोळे. त्यांनी ट्रे ठेवला, दोघांकडं पाहिलं.

"नाना, बसा तुम्ही. ते आदाब नाही करत. अडकलेत."

त्या आत गेल्या आणि सुई घेऊन आल्या. पाट ओढून दादासमोर बसल्या. "हलू नका." शर्टाचा कोपरा, दोन बोटं फक्त, वर उचलला. नानांनी तोंड भिंतीकडं केलं आणि झुंबराची तारीफ सुरू केली.

"अस्तर नाही लावलं होय? बिनअस्तराचं हिमरू घालून आलेला माणूस मी पहिल्यांदा पाहतेय."

"सरबत फार छान झालंय," दादा म्हणाला.

"अजून प्यायलात कुठं?"

मी पदर तोंडात कोंबला. विमलबाई सुईनं एकेक धागा किल्लीच्या दातांवरून उचलत होत्या. दादाला वरून दिसत असावं, कारण थोड्या वेळानं तो, कुणी न शिकवलेलं, म्हणाला, "डावीकडून घ्या. वरचा ओढू नका, खालचा सैल होईल आधी. घड्याळातल्या केसाएवढ्या स्प्रिंगसारखं असतं ते."

"तुम्ही घड्याळं करता ना? मग सांगा नीट. हा?"

"हा नाही. त्याच्या मागचा."

बराच वेळ तेवढंच चाललं. हा, तो, हळू. सहा वर्षांत दादा इतकं बोलला नसेल. मग विमलबाई थांबल्या.

"किल्ली कशाची आहे?"

"कपाटाची."

"दुकानातल्या?"

"तिच्या," दादा म्हणाला.

मी पदर तोंडातून काढला. दुकानाची नव्हती तर. वहिनीच्या कपाटाची होती.

"उघडत नाही?" विमलबाईंनी सुईवरची नजर काढली नाही.

"नाही."

"आत काय आहे माहीत नाही?"

"माहीत आहे," दादा म्हणाला. "म्हणून."

नानांची झुंबराची तारीफ संपली होती. बाहेर कुणीतरी बर्फाचा गोळा विकत होता, त्याची घंटा ऐकू येत होती.

विमलबाईंनी सुई पदराला टोचली. "धागे निघतील, पण वेळ लागेल. किल्ली शर्टातच राहू दे. जानव्याशी बांधलेली किल्लीची गाठ सोडली की तुम्ही सरळ उभे राहाल. सोडू का मी?"

दादानं मान हलवली. "गाठ मी सोडतो."

वाकल्या वाकल्याच त्यानं शर्टाच्या आत हात घातला. त्याची बोटं काट्यावरचा कण उचलणारी, पण त्या गाठीला त्यांना वेळ लागला. मग तो सरळ झाला. कंबर धरून, हळूहळू, आणि तिच्याकडं बघत.

"शर्ट ठेवून जा," विमलबाई म्हणाल्या. "धागे सोडवून, आतून मलमलीचं अस्तर लावून देईन. छापील आहे माझ्याकडं, हलकं. उकडणार नाही."

"आणि जाऊ कसा?"

"नाना!"

नानांनी आतून शेरवानी आणली. काळी, अल्पाकाची, गळ्यापर्यंत गुंड्यांची, ॲक्शनच्या आधीची. दादा आतल्या खोलीत जाऊन बदलून आला, आणि निजामाच्या दरबारातून कुणी वसुलीला निघावं तसा दिसू लागला. विमलबाई पहिल्यांदा हसल्या. मोकळ्या, दात दाखवून. दादाही हसला. मग त्यानं पन्ह्याचा पेला उचलून एका दमात संपवला आणि गंभीरपणे म्हणाला, "आता म्हणतो. सरबत फार छान झालंय."

दारात विमलबाईंनी विचारलं, "किल्ली कधी परत हवी?"

दादानं एक चप्पल घातली. दुसरी घातली.

"घाई नाही," तो म्हणाला.

नगरचा स्टँड

दुसऱ्या दिवशी परत निघालो. वेरूळला जायला वेळ होता, पण दादानं शेरवानी घालून लेणी पाहायला नकार दिला, आणि एस.टी.त मात्र तीच घालून बसला. "ट्रंकेत चुरगळेल," म्हणाला. "माणसाची वस्तू आहे, परत करायचीय." एक म्हातारे मुसलमान गृहस्थ त्याला सलाम करून खिडकीची जागा देऊन गेले. दादानं तो सलाम असा सफाईनं घेतला की मला माझ्या तालमींचं सार्थक वाटलं.

वाटेत त्याचा उजवा हात सारखा कमरेकडं जायचा. चाचपायचा. किल्ली नसायची. पहिल्यांदा तो दचकला. पुढं पुढं हात जायचा, रिकामा परत यायचा, आणि दादा खिडकीबाहेर बघायचा. मी काही बोलले नाही. माझ्या आयुष्यातला तो सर्वांत कठीण पार्ट.

नगरच्या स्टँडवर गाडी थांबली. मी उसाचा रस आणला. शेरवानीच्या वरच्या दोन गुंड्या सोडून दादा रस पीत बसला. पेला संपला तरी तो हातातच फिरवत होता.

"इंदू."

"काय?"

"अस्तर लावायला किती दिवस लागतात गं?"

मी पेला खाली ठेवला. तोंड शक्य तितकं सरळ केलं.

"हिमरूचं? लई अवघड काम, दादा. समोर बसून करून घ्यावं लागतं."